जोडीने आलेले

नळ वाहत होता, पेला भरून पाणी मनगटावरून खाली चाललं होतं, आणि पेला धरून उभा असलेला नवरा तिथे नव्हता. उभा होता म्हणजे चांगला उभा होता. पडला नाही, डुलला नाही, हातातला पेलाही सुटला नाही. फक्त तिथे नव्हता. ती भाजीची पिशवी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली होती, आणि तिने मोजायला सुरुवात केली, कारण मोजणं हा तिचा पोटापाण्याचा धंदा होता. एक, दोन, तीन. दवाखान्यातल्या काचेच्या खोलीत कानांना हेडफोन लावून बसलेल्या माणसाला ती बारीक आवाज सोडायची आणि त्याचं बोट बटणावर पडेपर्यंत मनातल्या मनात मोजत राहायची. बावीस वर्षं हेच. चार, पाच, सहा. सातला नवरा परत आला. त्याने नळ बंद केला, पाणी प्यायला, पेला पालथा घातला आणि वळून म्हणाला, "काय बघतेस?"

"काही नाही. पाणी वाया जात होतं."

"मग हाक मारायची."

विषय संपला. तिने पिशवी ओट्यावर ठेवली, टोमॅटो वेगळे काढले, मिरच्यांचे देठ खुडले. डोंगरावर जायला आठ दिवस उरले होते. बूट आले होते, पाठीवरच्या पिशव्या आल्या होत्या, तब्येतीचा फॉर्म भरून पाठवल्याला पंधरा दिवस झाले होते, आणि त्या फॉर्मवरचं अक्षर तिचं होतं. ती रात्रभर काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी बोलायचं म्हणून तिने चहाचा कप हातात घेतला, तर नवरा बाहेरच्या खोलीत नव्या बुटांना मेण लावत बसला होता आणि चक्क शीळ घालत होता. तीन वर्षांनी. तिने कप तसाच आत नेऊन ठेवला.

आता ती चालत होती. सकाळचे साडेनऊ झाले होते. गाडीरस्ता संपला तिथल्या शेवटच्या दुकानापाशी गाईडने सगळ्यांची डोकी मोजून, पिशव्यांचे पट्टे ओढून बघून त्यांना वाटेला लावलं होतं. सहा जणांचा गट. ती आणि नवरा, बँकेत एकत्र नोकरी करणारे दोन मित्र, एक दातांची डॉक्टर आणि तिची मोठी बहीण. पुढे गाईड. तो पन्नाशीचा, सडपातळ, आणि दर थांब्यावर शाळेसारखी हजेरी घ्यायचा, म्हणून बँकवाल्यांनी पहिल्या अर्ध्या तासातच त्याचं नाव मास्तर पाडलं होतं. सगळ्यांत मागे त्याचा मेहुणा. तो साठीला टेकलेला, बोलण्यात कंजूष. मास्तर त्याला मेहुणे म्हणायचा म्हणून सगळेच मेहुणे म्हणू लागले. बुटांखाली खडी करकरत होती. डाव्या हाताला उतार, उजव्या हाताला कातळ, आणि समोर, खूप वर, एक पांढरी रेघ, जिच्याकडे पाहायचं नाही असं तिने निघतानाच ठरवलं होतं. ती पाहत होती नवऱ्याच्या टाचा. डावी टाच, उजवी टाच. टाचांचं ठीक चाललं होतं. टाचांवरून कळेल असं ते दुखणं नव्हतं, हे तिला माहीत होतं, तरी बघण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

निघण्याआधी मास्तरने सगळ्यांना गोल उभं करून नियम सांगितले होते. पाणी घोट घोट प्यायचं. दम लागला तर थांबायचं, लाज धरायची नाही. मुक्कामाला पोचलं की तासाभराने प्रत्येकाच्या बोटाला चिमटा लावायचा, तोच तो, रक्तात प्राणवायू किती आहे ते दाखवणारा. "ऐंशीच्या खाली आकडा आला तर तो माणूस उद्या वर येणार नाही. मग कुणीही असो. आणि आकडा ज्याचा त्याने मोठ्याने वाचायचा. मी वाकून बघणार नाही. मी तुमची तोंडं बघतो, यंत्र बघत नाही."

"मास्तर, म्हणजे गुणपत्रिका आम्हीच वाचायची?" बँकेतला जाडा म्हणाला.

"हो. घरी जाऊन बापाला दाखवायची नाही, एवढंच." सगळे हसले. मग मास्तर म्हणाला, "आणि जोडीने आलेले जोडीने उतरतात. एकाला खाली पाठवलं तर दुसरा बरोबर जातो. मागून भांडण नको." डॉक्टरबाईने बहिणीकडे बघून कपाळाला हात लावला. नवरा हसला. तिने मात्र ते वाक्य उचलून नीट घडी घालून ठेवलं. तेव्हा तिला कळलंही नाही आपण ते कशासाठी ठेवतोय; घरातल्या बाईच्या हाताला सवय असते, उपयोगी पडेल अशी सुतळी दिसली की ती गुंडाळून ड्रॉवरमध्ये जाते.

वाट वळली आणि चढ वाढला. मास्तरची चाल इतकी हळू होती की सुरुवातीला बँकवाल्यांनी टिंगल केली होती; आता त्यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. तिचं स्वतःचं ठीक होतं. श्वास लागत होता, पण डोकं स्वच्छ होतं, पाय हलके होते, आणि याचं तिला नवल वाटत होतं, थोडी शरमही. दिवसभर खुर्चीवर बसणारी बाई मी. आणि हा रोज सकाळ-संध्याकाळ सात मजले चढणारा. लिफ्ट असताना. शेजारच्यांना वाटायचं व्यायाम करतोय. तिला माहीत होतं व्यायाम नव्हे. अठरा वर्षं रोज सकाळी क्रेनची शिडी चढलेला माणूस. पायांनी ती शिडी सोडलीच नव्हती.

अठरा वर्षं तो टॉवर क्रेनवर होता. चाळीस-पन्नास मीटर उंचावर काचेची एवढीशी केबिन, त्यात तो, डबा आणि पाण्याची बाटली. शहरात जिथे उंच इमारत उभी राहत होती तिथे त्याची केबिन त्या इमारतीच्या आधी वर जायची. कधी दुपारी दवाखान्यात फोन यायचा. "आपली गच्ची दिसतेय. टाकीचं झाकण उघडं आहे, घरी गेलीस की लावून घे." सोबतच्या नर्सेस हसायच्या, की तुझ्या नवऱ्यापासून काही लपवून ठेवायची सोय नाही बाई. तो घरी यायचा तेव्हा जरा उशिराच खाली यायचा, म्हणजे शरीर यायचं, पण बोलणं वरचं असायचं. आज वारा कसा होता, लोंबणारा माल कसा गिरकी घेत होता, खालच्या माणसाने हाताची खूण चुकीची केली तेव्हा आपण कसा झटक्यात थांबवला. तिला त्यातलं निम्मं कळायचं नाही. पण पोळ्या लाटताना ऐकायला बरं वाटायचं. मुलगा मोठा होऊन दुसऱ्या गावी नोकरीला गेला तेव्हा घरात बोलणारं हेच एक तोंड उरलं होतं, आणि ते बंद केलं तिने.

बंद केलं तिनेच. ती स्वतःशी तसं म्हणताना आता जीभ अडखळत नव्हती. तीन वर्षांपूर्वी त्याच्या कंपनीत वार्षिक तपासणी होती आणि तिच्या दवाखान्याची कान तपासायची गाडी बांधकामावर जाऊन उभी होती. दिवसभर एकेक कामगार आत यायचा, हेडफोन लावायचा, बटण हातात धरायचा. आवाज ऐकू न येताही बटण दाबणारे तिला लगेच ओळखू यायचे. खरं ऐकणारा माणूस कुठेच बघत नाही. खोटं दाबणारा तिच्या हाताकडे बघतो, की आता आवाज सोडला असेल का. नोकरी जाऊ नये म्हणून बिचारे अंदाजाने दाबत राहायचे, आणि ती कागदावर खरा आकडा लिहायची, कारण हॉर्न ऐकू न येणारा माणूस बांधकामावर किती दिवस धड राहील हे तिला ठाऊक होतं. दुपारी चहा पिताना कंपनीच्या डॉक्टरने सहज विचारलं, "काय, आमचे वरचे साहेब काय म्हणतात?" आणि ती म्हणाली, "परवा जेवता जेवता जरा शुद्ध हरपल्यासारखं झालं. पाच-सात सेकंदच." नंतर पुष्कळ दिवस तिने स्वतःला समजावलं की ते तोंडातून निघून गेलं. निघून वगैरे काही गेलं नव्हतं. आदल्या दोन रात्री तिने त्या क्रेनच्या हुकाखालून ये-जा करणारी चाळीस माणसं डोळ्यांसमोर आणली होती, त्या माणसांच्या बायका आणल्या होत्या, आणि तिसऱ्या दिवशी ती बोलली होती. तासाभराने नवरा शिडीवरून खाली उतरला. मधल्या वेळेला कधी न उतरणारा माणूस. गाडीपाशी ती उभी होती. त्याने तिच्याकडे पाहिलं, एवढंच, आणि डॉक्टरच्या खोलीत गेला. मग डोक्याच्या, हृदयाच्या, सगळ्या तपासण्या झाल्या आणि सगळ्या स्वच्छ निघाल्या. कुणाला काही सापडलं नाही. पण एकदा कागदावर 'शुद्ध हरपली' असं चढलं की केबिनचं दार बंद, हा नियम. त्याला गोदामात दिलं. तिथे तो हेल्मेट आणि हातमोजे वाटतो, सह्या घेतो. घरी येतो, जेवतो, सात मजले चढतो. तिला तो एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर तिने भांडून घेतलं असतं, रडून घेतलं असतं. तीन वर्षं त्याने तिला ती संधी दिली नाही.

"हजेरी!" मास्तर ओरडला. ओढ्याकाठी सगळे थांबले. सहाच्या सहा. डॉक्टरबाईने गोळ्या-बिस्किटांची पुडी फिरवली. नवऱ्याने बूट काढून मोजे झटकले, पुन्हा घातले, आणि तिला म्हणाला, "बघ, कशी हवा आहे. वरच्या हवेला वास नसतो. तुला मी सांगायचो ना?" सांगायचो. तिने मान हलवली. त्याचे ओठ जरा जांभळट दिसत होते, पण सगळ्यांचेच दिसत होते, आणि काळ्या चष्म्यातून रंगाचं काय कळणार. ओढा ओलांडायला पाच-सहा मोठे दगड होते. मास्तर पलीकडे गेला, नवरा त्याच्या मागे. तिसऱ्या दगडावर नवरा थांबला. एक, दोन, तीन. पाणी दोन्ही बाजूंनी खळखळत होतं. चार. "काय झालं हो?" ती ओरडली, आणि तिचा आवाज इतका चिरका निघाला की बँकवाले दचकले. नवऱ्याने मान वळवली. "काय व्हायचंय? खाली मासे आहेत बारीक." मग बाकीचेही त्या दगडावर वाकून वाकून मासे बघू लागले. मासे होते. तिने स्वतः पाहिले, बोटाच्या पेराएवढे, प्रवाहाच्या उलट तोंड करून जागच्या जागी हलणारे. पण मासे असल्याने काही सिद्ध होत नव्हतं. चार आकडे मासे बघण्यात गेले की नाही, हे कुणाला विचारायचं?

फॉर्मचं असंच झालं होतं. घरातले सगळे फॉर्म तीच भरायची, तिचं अक्षर चांगलं म्हणून. वय, वजन, रक्तगट, दमा, मधुमेह. मग ती ओळ आली, गेल्या पाच वर्षांत कधी शुद्ध हरपली होती का. तिचं पेन थांबलं. नवरा खिडकीपाशी बसून नकाशा बघत होता, हातातलं भिंग नकाशावर जागच्या जागी थांबलं होतं. त्याने वर पाहिलं नाही. ती लिहीपर्यंत तो पाहणार नव्हता. खोलीत पंखा फिरत होता. तिला वाटलं, देवाणघेवाणीचा असा क्षण नवराबायकोत पुन्हा येत नाही. एका शब्दाने मी याला उतरवलं, एका शब्दाने चढवते. तिने 'नाही' लिहिलं. "झालं?" तो म्हणाला. "झालं." भिंग सरकलं. त्या रात्री त्याने जेवताना तिला पुढच्या वाटेवरची सगळी गावं, सगळे चढ सांगितले, आणि ती खूश झाली. खरंच खूश झाली. आणि मग पंधरा दिवसांनी तो नळ.

अडीच वाजता मुक्काम आला. एका सपाटीवर दगडी भिंतींची, पत्र्याच्या छपराची खोपटी होती. समोर गवत, गवतावर ऊन. सगळे गवतावर आडवे झाले. मेहुण्यांनी स्टोव्ह पेटवला. बँकेतला बारका ओकला आणि मग बरं वाटून सगळ्यांना विनोद सांगू लागला. नवरा पाठीवर पडून आकाशाकडे बघत होता. चष्मा काढला होता. ती त्याच्याजवळ बसली. त्याच्या छातीकडे बघत. छाती भरभर वरखाली होत होती.

"दमलात?"

"नाही गं. असं पडलं की केबिनमध्ये खुर्ची मागे टाकल्यासारखं वाटतं." मग थोड्या वेळाने, "आलीस ते बरं झालं. मला वाटलं होतं ऐनवेळी काहीतरी काढशील."

"काय काढणार?"

त्याने डोळे मिटून घेतले.

साडेतीनला मास्तर चिमटा आणि वही घेऊन आला. सगळे भिंतीला टेकून ओळीत बसले आणि चिमटा एका टोकाने निघाला. डॉक्टरबाई, अठ्ठ्याऐंशी. तिची बहीण, शहाऐंशी. बँकेतला जाडा, एक्याण्णव, त्यावर टाळ्या. ओकलेला बारका, ब्याऐंशी. मास्तरने त्याच्याकडे नीट बघून "पाणी प्या" एवढंच म्हटलं. मग नवरा. त्याने तर्जनी चिमट्यात घातली. ती शेजारीच होती, खांद्याला खांदा लावून. लाल आकडे एक्क्याऐंशीवर आले, खाली घसरले, एकोणऐंशी, सत्त्याहत्तर, आणि शहात्तरवर बसले. सात, सहा. ती बघत राहिली, आकडा हलला नाही. नवऱ्याने मास्तरच्या पेन्सिलीकडे पाहिलं.

"चौऱ्याऐंशी," तो म्हणाला.

पेन्सिल चालली. मास्तर तोंडं बघत होता, आणि नवऱ्याचं तोंड सुंदर दिसत होतं. उन्हाने लाल, तरतरीत, तीन वर्षांत असं दिसलं नव्हतं. चिमटा तिच्या हातात आला, अजून त्याच्या बोटाने कोमट. आता सांगायचं. साधी गोष्ट आहे. शहात्तर म्हणायचं, मास्तर उठेल, बघेल, संपलं. आणि मग तो पुन्हा उतरेल. पुन्हा माझ्या तोंडच्या शब्दाने, सगळ्यांसमोर, आणि या खेपेला गोदामही नाही; याच्या खाली त्याला ठेवायला जागाच नाही. तिच्या आकड्याचं तिला भान नव्हतं. अठ्ठ्याऐंशी आला. आणि त्याच क्षणी सकाळी घडी घालून ठेवलेलं वाक्य आपण होऊन हाताशी आलं. जोडीने आलेले जोडीने उतरतात.

"अठ्ठ्याऐंशी," ती म्हणाली. "पण मास्तर, माझं डोकं फुटतंय. ओढ्यापासून. सांगितलं नाही. मळमळतंय, आणि डोळ्यांपुढे दोन-दोन दिसतंय."

कान तपासणाऱ्या बाईला हे पक्कं ठाऊक होतं, की माणसाच्या आत काय चाललंय ते शेवटी त्याच्याच तोंडून घ्यावं लागतं. डोकेदुखीला चिमटा नाही. मास्तर तिच्यासमोर उकिडवा बसला. एका रेषेत चालून दाखवायला सांगितलं. तिने दोनदा तोल गेल्यासारखं करून दाखवलं. आयुष्यात पहिल्यांदा सोंग घेतलं आणि ते असं बेमालूम वठलं की डॉक्टरबाईने धावत येऊन दंड धरला. मास्तरने घड्याळ पाहिलं. "आत्ताच उतरायचं. खाली दोन तासांवर आरोग्यकेंद्र आहे, उजेडात पोचाल. मेहुणे बरोबर येतील. दोन-दोन दिसायला लागलं की मी थांबत नाही." मग नवऱ्याकडे वळून, "तुमची पिशवी आवरा."

तिने श्वास सोडला. सकाळपासून पहिल्यांदा तिला खाली वाहणारा ओढा ऐकू आला. रागावेल. रागावू दे. महिनाभर बोलणार नाही, न बोलो. बायकोच्या डोकेदुखीपायी उतरावं लागलं, यात कुणाची मान खाली जात नाही. जन्मभर मला टोमणे मारू दे, की तुझ्यामुळे राहिलं. मारू दे, मारू दे. ती पिशवीचे पट्टे ओढू लागली.

"मी कशाला?" नवरा म्हणाला.

मास्तर थांबला. "बाई एकट्या जाणार?"

"एकटी कशी? मेहुणे आहेत ना. ती खंबीर आहे हो, खाली गेली की तासात बरी होईल. मी चार दिवसांत येतोच." आवाज अगदी मोकळा, घरगुती. "सकाळी तुम्ही म्हणालात, तो कायदा आहे का?"

"कायदा नाही," मास्तर जरा नाराजीने म्हणाला. "आमची रीत आहे. जबरदस्ती कशी करणार? पण लोक जातात."

"मग झालं तर."

तिला आधी वाटलं आपण नीट ऐकलं नाही. मग ती खरोखरच डगमगली आणि तिने भिंतीला धरलं. "ह्यांना पुन्हा चिमटा लावा," ती म्हणाली. "मास्तर, ह्यांचा आकडा चौऱ्याऐंशी नव्हता. मी पाहिला." नवऱ्याने बोट पुढे केलं. तो इतका वेळ बसला होता, गरम चहाचा मग दोन्ही हातांत धरून खोल खोल श्वास घेत; ते तिच्या लक्षातच आलं नव्हतं. मास्तरने या खेपेला स्वतः वाकून पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"त्र्याऐंशी आहे, बाई. एकाने कमी." जाडा बँकवाला हसला. मास्तर समजुतीने म्हणाला, "उंचीवर असं होतं. डोळ्यांना दोन-दोन दिसतंय म्हणालात ना? त्यात आकड्यांचं काय खरं. मनात उगाच भलतंसलतं येतं. खाली गेलात की निवळेल."

एक शब्द उरला होता. तोच, तीन वर्षांपूर्वीचा. नळ, सात आकडे, फॉर्मवरची ओळ, सगळं त्या शब्दाला बांधलेलं होतं. यंत्राने काहीही दाखवलं तरी तो उच्चारला की मास्तर याला वर नेणार नव्हता. तिने तोंड उघडलं. नवरा तिच्याकडे बघत होता. रागाने नाही, रागाने बघता तर ती बोलली असती. शिडीवरून उतरल्यावर पाहिलं होतं तसाच, हिशेब न मागता, फक्त बघत. आत तो शब्द होता, पुरा होता, तिला त्याची अक्षरं मोजता येत होती, आणि तो बाहेर येत नव्हता. काचेच्या खोलीतली माणसं अशी बसायची. आवाज आला असं वाटतंय, बोट उचललंय, आणि बटण दाबवत नाही. मास्तरने दोन-तीन क्षण वाट पाहिली. मग वही मिटली.

नवरा तिच्या बुटांची नाडी बांधायला खाली वाकला. बाकीचे जरा लांब सरकले, नवराबायकोला दोन शब्द बोलू द्यावेत म्हणून. त्याने आधी डाव्या बुटाची गाठ सोडली, घट्ट ओढली, पुन्हा बांधली. त्याचा टाळूजवळचा केस विरळ झालेला भाग तिच्या डोळ्यांसमोर होता.

"डोकं दुखत नाहीये ना तुझं?" तो खालूनच म्हणाला.

"नाही."

"मला वाटलंच." त्याने उजवा बूट घेतला. त्याची बोटं थंडगार आणि सावकाश होती. एक पीळ घातला आणि थांबली. ती मोजू लागली, मग मोजायची थांबली. बोटं पुन्हा चालू झाली. "शेवटचं बोलली नाहीस, ते बरं केलंस."

"अहो, चला ना. पाया पडते तुमच्या. चला."

"जा आता. उजेड जाईल." तो गुडघ्यावर हात टेकून उठला, दोनदा श्वास घेतला, तिच्या गळ्याशी मफलर नीट केला. तीन वर्षांनी त्याने तिला हात लावला होता असं नव्हे, पण असा लावला नव्हता. आणि हसला. तिचं सगळं फिटलं, माफ झालं, हे त्या हसण्यात होतं, आणि ते घेऊन तिने खाली जायचं होतं.

मेहुण्यांनी तिची पिशवी आपल्या पाठीवर घेतली आणि हात पुढे केला. "सावकाश, बाई. घाई नाही." ती निघाली. वाट सपाटीच्या कडेवरून उतरत होती आणि वरून ती बराच वेळ दिसणार होती. मागून डॉक्टरबाई ओरडली, "जपून हं!" मग नवऱ्याचा आवाज आला, काय म्हणाला ते वाऱ्यात कळलं नाही. तिला वळून बघायचं होतं, धावत परत जायचं होतं. तिच्या पायांत बळ होतं, डोकं आरशासारखं स्वच्छ होतं, सबंध गटात आज तिच्याइतकं धडधाकट कुणी नव्हतं. मेहुण्यांनी विचारलं, "फार ठणकतंय का?" वर ते पाचही जण अजून उभे असतील, बघत असतील. तिने कपाळावर हात दाबून धरला, म्हणाली, "हो, फार," आणि मेहुण्यांच्या हातावर भार टाकून, आजारी बाई उतरेल तशी, एकेक पाऊल चाचपत उतरू लागली.